पाचव्या रांगेतली किंकाळी

दुपारी तीनचा खेळ सुरू झाला की साधारण पावणेपाचला वहिनी किंचाळायची. गेली चार वर्षं तिचं कामच ते होतं. त्याआधीची सोळा वर्षं ती पेटीत झोपायची. मग कंबर धरली, गुडघे कुरकुरायला लागले, पेटीत लेक गेली आणि वहिनी पाचव्या रांगेत येऊन बसली.

वहिनी म्हणजे प्रोफेसरची बायको. प्रोफेसरने जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं; काळा कोट घालून हातरुमालातून अंडं काढणारे सगळेच स्वतःला प्रोफेसर म्हणवतात, तसा तोही. त्याचा धाकटा भाऊ सुतारकाम, रंगकाम आणि पडदे सांभाळायचा. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून दिवेवाल्यापासून दारवानापर्यंत सगळेच म्हणायला लागले. लेकीचं खरं नाव फक्त कागदोपत्री होतं. अंग इतकं चपळ, की लहानपणी बापाने तिला खारूताई म्हटलं, आणि पुढे घाईघाईत त्याचं खारू झालं.

खेळाच्या वेळेला मात्र वहिनी कुणाचीच कुणी नसायची. चारचौघींसारखी तिकीट दाखवून आत यायची, मांडीवर पर्स ठेवायची आणि शेजारच्या बाईला विचारायची, "तुम्ही पाहिलाय का हो आधी? फार भीतीदायक आहे म्हणे." हे विचारताना तिला आता हसूही येत नसे.

पेटीचा खेळ सगळ्यात शेवटी. स्टेजच्या मधोमध टेबल, टेबलावर पेटी. पेटीत खारू झोपली की झाकणाला साखळी आणि कुलूप. वर टांगलेली जाड फळी, दोन माणसांच्या वजनाची, आणि तिला खालून वीत-वीत लांबीचे लोखंडी सुळे. फळीचा दोर एका खांबावरून खाली आणलेला, आणि त्या दोराखाली पेटती मेणबत्ती. दोर जळायच्या आत कुलपाची किल्ली सापडली तर पोरगी वाचली. प्रोफेसर खिसे चाचपायचा, टोपी झटकायचा, पहिल्या रांगेतल्या एखाद्या गृहस्थाच्या कोटात हात घालायचा. किल्ली काही सापडायची नाही.

दोर जळायचा तो निव्वळ दाखवायला. फळीचा खरा भार असायचा एका बारीक काळ्या साखळीवर, आणि काळ्या पडद्यापुढे ती पहिल्या रांगेलाही दिसत नसे. साखळीचा आकडा पडद्याच्या आत, प्रोफेसरच्या डाव्या हाताशी. त्याने आकडा काढला की सगळं वजन अर्धवट जळलेल्या दोरावर यायचं, दोर तुटायचा आणि सुळे पेटी फोडून थेट तळापर्यंत जायचे. तोवर खारू पेटीच्या तळाची झडप उघडून टेबलाच्या पोटात, तिथून मागच्या पडद्याआड गेलेली असे, आणि लोक सावरायच्या आत गल्लीतून धावत थिएटरच्या पुढच्या दारात हजर होई. टेबलाला पोट आहे हे कुणाच्या ध्यानात येत नसे, कारण पुढची सोनेरी कड फक्त चार बोटं रुंद होती. कडेखालचं सगळं काळं. माणूस सोनेरी तेवढं मोजतो आणि बाकीचं मनाने भरून घेतो.

"एकदा माणसाला खात्री वाटली ना," प्रोफेसर म्हणायचा, "की त्याच्या डोळ्यांना रजा."

आता यात वहिनीच्या किंकाळीचं काम काय? लोकांना वाटायचं, एक घाबरट बाई ओरडली. ती ओरडली की चारशे माना पाचव्या रांगेकडे वळायच्या, आणि तेवढ्यात प्रोफेसरचा हात पडद्यात जायचा. पण खरं काम दुसरंच होतं. टेबलाच्या डाव्या कोपऱ्याला एक तांबडा गोंडा लोंबत असे. खारू सुखरूप बाहेर पडली की पडद्यामागून दोरा ओढायची आणि गोंडा दोनदा हलायचा. प्रोफेसरला तिकडे बघायची सोय नव्हती. जादूगार जिकडे बघतो तिकडेच सगळं थिएटर बघतं, म्हणून टेबलाकडे पाठ, तोंडावर हसू, आणि नजर लोकांवर. गोंड्यावर डोळा ठेवायचा वहिनीने. गोंडा हलला, की किंचाळायचं. किंचाळी म्हणजे, पोरगी बाहेर आहे, काढा आकडा. वहिनी गप्प राहिली तर समजायचं की काहीतरी अडलंय. मग कितीही वेळ जावो, आकड्याला हात लावायचा नाही.

म्हणजे सगळं ठीक असेल तर आईने जिवाच्या आकांताने ओरडायचं, आणि लेकीच्या जिवावर बेतलं तर तोंड मिटून बसायचं. चार वर्षांत तिला हे अंगवळणी पडलं होतं, म्हणजे इतरांना तसं वाटायचं. तिचं तिलाच माहीत, त्या दोन मिनिटांत ती पर्सच्या कातड्यात नखं कशी रुतवून बसते ते.

गावोगाव फिरताना एका गावातल्या दुसऱ्या खेळानंतर बाहेर पडता पडता एक चष्मेवाला बायकोला म्हणाला, "टेबल जरा जाडच वाटतं, नाही?" प्रोफेसरने ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला कामाला लावून त्याने टेबलाला काळ्या रंगाचे दोन हात मारून घेतले. बाहेरून, आतून, झडपेच्या कडांना, सगळीकडे.

दुपारी वहिनी मेकअपच्या खोलीत आली तर रंगाचा वास नाकात बसला.

"भावजी, झडपेला पण लावलात?"

"दादा म्हणाला, एक कोपरा सोडायचा नाही."

"वाळलाय का?"

"वाळला असेल," प्रोफेसर आरशात टाय नीट करत म्हणाला. "तू उगाच शंका काढू नकोस गं. खारू, झडप बघितलीस ना?"

"सकाळी बघितली, बाबा. उघडते."

सकाळी उघडत होती, ते खरंच होतं. त्यानंतर पेटी टेबलावर चढवून पाच तास तशीच ठेवली होती, आणि ओला रंग त्या पाच तासांत आपलं काम करत होता.

पाचव्या रांगेत वहिनीच्या उजव्या हाताला एक नर्स बसली होती. कामावरून थेट आलेली, हातांना साबणाचा वास. चांगली बाई होती. मध्यंतरात तिने वहिनीला शेंगदाणे दिले आणि सांगितलं, "मी ना, सिनेमातलं रक्तसुद्धा बघू शकत नाही. तिकडे दिवसभर बघते ते वेगळं."

पेटीचा खेळ आला. खारू हसत झोपली, कुलूप लागलं, मेणबत्ती पेटली. वहिनीने मनात मोजायला सुरुवात केली. पंचवीसपर्यंत गोंडा हलायचा. पंचवीस झाले. तीस झाले. चाळीस झाले. गोंडा गप्प.

वहिनीने दात ओठांवर दाबले. स्टेजवर प्रोफेसर टोपी झटकत होता, किंचाळी आली नाही म्हणून दुसऱ्यांदा झटकत होता, आणि आता एका म्हाताऱ्याच्या खिशातून गाजर काढत होता, जे कार्यक्रमात नव्हतंच. म्हणजे त्याला कळलं होतं. गप्प म्हणजे थांबायचं. वहिनीच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. आता तो काहीतरी विनोद करेल, मेणबत्ती फुंकेल, पडदा पाडेल. नाचक्की झाली तर होऊ दे.

आणि शेजारची नर्स उठून उभी राहिली.

"अहो, दोर जळाला! पोरीला बाहेर काढा कुणीतरी! मरेल ना ती!"

ती मनापासून किंचाळली होती. खेळ इतका बेमालूम वठला होता, की एका भल्या बाईचं काळीज हललं होतं. चारशे माना वळल्या. आणि प्रोफेसर, ज्याचा डावा कान पूर्वीच्या पिस्तुलाच्या खेळाने कायमचा गेला होता, ज्याच्या डोळ्यांवर झगझगीत दिवे होते, त्याला पाचव्या रांगेतून एका बाईची किंचाळी आली एवढंच कळलं. त्याचा चेहरा उजळला. मागे सरून त्याने हात पडद्यात घातला.

वहिनी ओरडणारच होती. पण ओरडून काय होणार? ओरडणं म्हणजे तर काढा आकडा! चार वर्षं तिने ओरडून हेच सांगितलं होतं. 'थांबा', 'वाचवा', 'नको', सगळे शब्द तिने आधीच खर्चून टाकले होते.

किंचाळी झाली की थिएटर क्षणभर चिडीचूप होतं. सगळे श्वास धरून बसतात. ती शांतता किती वेळ टिकते हे वहिनीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या शांततेत ती उठली, आणि स्वयंपाकघरातून हाक मारावी, तितक्या साध्या, खालच्या आवाजात म्हणाली:

"अहो, थांबा. खारू आतच आहे."

प्रोफेसरचा हात पडद्यात थिजला. हा आवाज घरातला होता. गेल्या वीस वर्षांत तो थिएटरमध्ये कधी आलाच नव्हता.

दोर जळून तुटला. फळीला नुसता हिसका बसला, काळी साखळी करकरली, आणि सुळे पेटीच्या वर हवेतच थांबले. खाली पेटीत आतून कुणीतरी धडका मारत होतं. प्रोफेसरने बाहीतून किल्ली काढून कुलूप उघडलं. खारू उठून बसली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि दहाही नखांत काळा रंग.

मग बाल्कनीतून एकाने टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळं थिएटर उभं राहिलं. भार हवेत थांबला! बायकोच्या एका शब्दावर थांबला! नर्स रडत रडत टाळ्या वाजवत होती. "तुम्ही त्यांच्यातल्याच होय?" ती वहिनीला म्हणाली. "कमाल केलीत हो. मला खरंच वाटलं." वहिनी खाली बसली.

थिएटरचा मॅनेजर धावत आत आला तेव्हा प्रोफेसर खुर्चीत बसून पाणी पीत होता, आणि अर्धं पाणी कोटावर सांडत होतं. "प्रोफेसर, काय डोकं लावलंय!" मॅनेजर म्हणाला. "वीस वर्षं थिएटर चालवतोय, अशा टाळ्या ऐकल्या नाहीत. उद्याच्या पाटीवर हेच लिहितो." प्रोफेसरने आधी त्याच्याकडे वेड्यासारखं बघितलं. मग त्याची पाठ हळूहळू ताठ झाली. वहिनीने ती ताठ होताना पाहिली.

चहाच्या वेळेला त्याने सगळं मांडलं. झडप तासून गुळगुळीत करायची, रंग खरवडून काढायचा, ते झालंच. पण किंचाळी आता बाल्कनीतून. दोर अर्धा जळाला की भाऊ मारेल, तरुणपणी नाटकात बायकांची कामं करायचा, त्याचा आवाज अजून लागतो. मग शांतता. त्या शांततेत वहिनीने गोंडा बघायचा, आणि तो हलला की आजचंच वाक्य म्हणायचं, आजच्याच आवाजात.

"आणि मी आकडा काढणार," प्रोफेसर म्हणाला. "आजचे लोक उद्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन येतील. बघा, म्हणतील, आता भार थांबणार. आणि तो पडणार! मग पुढच्या दारातून खारू! काळजाचं पाणी होईल त्यांच्या."

"अहो, तुमची जीभ तरी कशी वळते?" वहिनी म्हणाली. "आज पोर गेली होती आपली."

"गेली नाही ना?"

"मी तसं बोलले म्हणून नाही गेली. तेवढं एक माझ्याकडे राहिलं होतं. ते पण तुम्हाला खेळात पाहिजे?"

प्रोफेसरच्याही डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोला. पण बोलली ती खारू. "आई, लोक उभे राहिले होते गं. आजवर कधी उभे राहिले होते का? मी काय जन्मभर अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे मरत राहू?" तिचे गाल लाल होते. नखांतला रंग अजून निघाला नव्हता.

"आणि माझ्याआधी दुसरंच कुणी ते वाक्य बोललं तर?" वहिनीने विचारलं.

"किंचाळी कुणाचीही सारखीच गं, म्हणून आज गफलत झाली," प्रोफेसर समजुतीच्या सुरात म्हणाला. "बोलणं वेगळं. वीस वर्षांचा संसार आहे आपला. तुझा आवाज मी ओळखणार नाही होय?"

वहिनीच्या मनात आलं, जाऊच नये उद्या. पण मग त्या खुर्चीत कोण बसणार? भावजींना गोंडा दिसणार नाही, आणि ऐनवेळी पकडून आणलेल्या कुणा बाईच्या हाती लेकीचा जीव द्यायचा? निदान आपले डोळे तरी तिथे असू देत. या हिशेबाने ती तयार झाली. पुढे तिला या हिशेबाचाच सगळ्यात जास्त राग येणार होता.

ते उतरले होते त्या लॉजच्या खाली एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं दुकान होतं. सकाळी वहिनी जिना उतरत असताना खालून आवाज आला.

"अहो, थांबा. खारू आतच आहे."

तिचाच आवाज. तीच धाप, 'आतच'वरचा तोच दाब. ती कठड्याला धरून उभी राहिली. खाली मशीनवर बसलेली बाई तोंडातल्या टाचण्या काढून खळखळून हसली.

"जमलं का हो? काल आले होते मी. रात्रीपासून नवऱ्याला असंच हैराण करतेय. जेवताना, दिवा मालवताना. आमच्या बोळात सगळ्या पोरींचं हेच चाललंय! आज आम्ही तिघी येतोय."

"खेळ चालू असताना म्हणू नका हं," वहिनी म्हणाली. "हात जोडते. तिथे म्हणू नका."

"अय्या! ही पण तुमची युक्ती का?" बाई डोळे मिचकावत म्हणाली. "बरं, नाही म्हणत, जा."

वहिनीने हे प्रोफेसरच्या कानावर घातलं. तो झडप तासून घेत होता आणि खुशीत होता. "अगं, गावाच्या तोंडी झालं म्हणजे आपण जिंकलो," तो म्हणाला. झडप आता इतकी हलकी झाली होती, की फुंकरीने उघडावी. खारूने पाच वेळा आत-बाहेर करून दाखवलं. पाचही वेळा पंचवीसच्या आत गोंडा हलला. वहिनीला बोट ठेवायला जागा राहिली नाही.

तीनच्या खेळाला पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसली होती. वहिनी आपल्या जागेवर गेली तर कुजबूज झाली, आणि एकाने तिला उठून वाट दिली. आता ती अनोळखी राहिलीच नव्हती. मागे, सातव्या रांगेत, तिघीजणी एकमेकींना ढोसत हसत होत्या. वहिनीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. शिवणाऱ्या बाईने तस्संच ओठांवर बोट ठेवून दाखवलं, आणि तिघींना पुन्हा हसू फुटलं.

पेटी आली. खारू आज नेहमीपेक्षा जास्त हसत झोपली. कुलूप लागलं, मेणबत्ती पेटली. वहिनी मोजायला लागली. पाच. आठ. दहा. खारू आत्ता कुठे झडपेची खिटी सोडवत असेल. बारा.

बाल्कनीत बसलेल्या भावजींना गर्दीत मेणबत्ती नीट दिसत नव्हती. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून त्यांना दोराचा धूर दिसला आणि वाटलं, उशीर झाला. ते चौदाव्या अंकाला किंचाळले.

थिएटर चिडीचूप झालं. वहिनीची नजर गोंड्यावर खिळली. गोंडा स्थिर होता. हरकत नाही, ती मनात म्हणाली, आपण बोललोच नाही तर ते थांबतील. गप्प म्हणजे थांबायचं. तिने ओठ घट्ट मिटले.

"अहो, थांबा," सातव्या रांगेतून आवाज आला. "खारू आतच आहे."

इतकं हुबेहूब, की पुढच्या दोन रांगांतल्या लोकांनी वहिनीकडेच बघून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. प्रोफेसरचा हात पडद्याकडे सरकला. वहिनी उठली. तिच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. कालही नव्हतं, आणि आता तर कुठलाच आवाज नव्हता जो त्याने खेळात घेतला नव्हता. समोर पेटी होती, पेटीत तिची लेक होती, आणि जे खरं होतं तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"अहो, थांबा! खारू आतच आहे!"

मघाशी प्रोफेसरला पुसटशी शंका आली होती. आवाज जरा मागून आला की काय, असं वाटून तो घुटमळला होता. आता दुसऱ्यांदा ऐकल्यावर ती फिटली. हा आवाज तिचाच. वीस वर्षांचा संसार. तो आवाज ओळखणार नाही तर कोण? त्याने लोकांकडे बघत कपाळाला हात लावला, मोठ्याने "अरे देवा!" म्हटलं, आणि डाव्या हाताने आकडा काढला. टेबलाकडे त्याने बघितलं नाही, एवढ्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. पाचव्या रांगेतून एकटी वहिनी तिकडे बघत होती, आणि गोंडा हलला नव्हता.